गाडी जागेवरच होती

दुसऱ्याच्या गाडीत बसणं म्हणजे ब्रेककाकांना व्यायामच असायचा. गाडी कोणाचीही असो, चालवणारा कितीही सराईत असो, पुढे वळण दिसलं की काकांचा उजवा पाय समोरच्या रबरी चटईवर दाबला जायचा. तिथे ब्रेक नाही हे काकांना ठाऊक होतं, पायाला ठाऊक नव्हतं. मुलाच्या गाडीतली चटई तेवढ्या एका जागी घासून पांढरी पडली होती. गल्लीत कोणीतरी कधीतरी त्यांना ब्रेककाका म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारू लागला.

या माणसाने उभं आयुष्य घाटात बस चालवली होती. "गाडी चालवता सगळ्यांनाच येते, थांबवता किती जणांना येते ते सांगा," हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्याकडचा चहा कोणाला मिळत नसे. एकदा भर चढावर भरलेल्या बसचा ब्रेक गेला आणि बस उलटी घसरायला लागली. काकांनी पापणी न लववता पहिला गिअर टाकला आणि बस इंजिनावर धरली. मागच्या प्रवाशांना फक्त एक हिसका बसला. एका बाईंनी तर उतरताना तक्रारही केली, की ड्रायव्हर हिसके फार देतो. हा किस्सा सांगताना काका आपल्या शौर्यापाशी थांबायचे नाहीत, त्या बाईंच्या तक्रारीपाशी थांबायचे आणि पोट धरून हसायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. ती घेतली काकूंसाठी. काकूंचे गुडघे गेले होते. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायच्या, जिना म्हणजे त्यांना डोंगर. मग रोज संध्याकाळी काका त्यांना हाताला धरून हळूहळू खाली आणायचे, गाडीत बसवायचे आणि गावाबाहेरच्या तळ्याला एक चक्कर मारून परत यायचे. बस्, एवढंच. कुठे उतरायचं नाही, काही खायचं नाही, कोणाकडे जायचं नाही.

पण गंमत अशी, की घरात दिवसभर मुक्या बसणाऱ्या काकू गाडीत बसल्या की बोलायला लागायच्या. माहेरच्या गोष्टी, शेजारणीच्या गोष्टी, कधीकाळी काकांनी केलेल्या आणि काका सोयीने विसरलेल्या गोष्टी. काका समोर बघत "हं, हं" करायचे. संसारात आधी कधी सवड मिळाली नव्हती. काका पहाटे जायचे, रात्री यायचे, आणि मधल्या वेळात बायको आपल्याशी काय बोलली असती ते त्यांना आता तळ्याकाठी कळत होतं. काकूंना घराबाहेरचं जग दिसायचं ते याच एका काचेतून. काकांनाही त्या चकरेवाचून दिवस सरल्यासारखा वाटत नसे, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांची सून गावाच्या वेशीवरच्या पेट्रोल पंपावर कामाला होती. तिथे गाड्या धुण्याचं एक यंत्र होतं आणि ते तिच्या ताब्यात होतं. गाडी एका लांबट खोलीत नेऊन उभी करायची, इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा आणि गप्प बसायचं. मागचं तोंड उघडं, पुढे शटर. मग ब्रशांची एक मोठी कमान रुळांवरून सरकत गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत जायची, फेस लावायची आणि शेपटीपासून नाकापर्यंत घासत परत यायची. शेवटी हिरवा दिवा लागायचा, शटर वर जायचं आणि माणूस चकचकीत गाडी घेऊन बाहेर पडायचा.

काका या यंत्राच्या विरोधात होते. गाडी बादलीने आणि फडक्याने धुवायची असते असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते रोज सकाळी अंमलात आणायचे. पण एकदा तळ्याकाठचा रस्ता खणून ठेवला होता, गाडी चिखलाने अशी माखली की काकूच म्हणाल्या, "अहो, पोरीच्या त्या यंत्रात घाला की एकदा. मलाही बघायचंय." काकूंची मागणी क्वचितच यायची. दुसऱ्या दिवशी तळ्यावर जाताजाता काकांनी गाडी पंपाकडे वळवली.

सूनबाई तोंडाशीच उभी होती. "बाबा, इंजिन बंद करा हं," तिने सांगितलं.

"हो, हो," काका म्हणाले आणि काच वर केली. पण काच बंद झाल्यावर काकूंना कोंडल्यासारखं झालं, म्हणून काकांनी पंखा चालू ठेवला आणि पंख्यासाठी इंजिन. सुनेने सांगितलेलं ऐकायचंच असतं असं थोडंच आहे. ज्याने घाटात बस चालवली त्याला उभी गाडी उभी ठेवायला कोणी शिकवायला नको.

कमान पुढून आली. काचेवर फेसाचा पडदा पडला आणि दोन्ही बाजूंनी निळे ब्रश काचांना लागून मागेमागे सरकू लागले. गाडी पुढे चालली होती. सावकाश, पण नक्की. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी चाललीच होती. त्यांनी हँडब्रेक आणखी ओढला, तो करकरला. गाडी चाललीच होती, आणि वर ब्रशांच्या घासण्याने अशी थरथरत होती, जशी चालणारी गाडी थरथरते. डोळे म्हणत होते चालली, बूडही म्हणत होतं चालली. ब्रेककाकांच्या हयातीत ब्रेकने त्यांना दुसऱ्यांदा दगा दिला होता.

मग कमान शेपटीपाशी थांबली आणि परत फिरली. ब्रश आता मागून पुढे सरकू लागले, आणि गाडी मागे घसरायला लागली.

इथे दुसरा कोणी असता तर ब्रेकवर उभा राहिला असता, फार तर देवाचं नाव घेतलं असतं. पण काकांच्या हाताला आणि पायाला ही परिस्थिती पाठ होती. ब्रेक गेलाय, गाडी उलटी घसरतेय. क्लच, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटर, आणि इंजिनाने ओढ धरताच हँडब्रेक खाली. चढावर गाडी उचलावी तर अशी. परीक्षा घेणाऱ्याने पैकीच्या पैकी गुण दिले असते. फक्त तिथे चढ नव्हता. गाडी सपाट फरशीवरून उडी मारून पुढे गेली आणि बंद शटरवर नाक आपटून थांबली.

कोणाला खरचटलंही नाही. सूनबाईने यंत्र बंद केलं, धावत आली, दार उघडलं. काकू नीट होत्या, फक्त मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. काका स्टिअरिंगला धरून समोरच्या वाकलेल्या शटरकडे बघत होते.

"पाय चुकला," ते म्हणाले.

"अहो बाबा, इथे सगळ्यांनाच—"

"पाय चुकला," काका पुन्हा म्हणाले, आणि उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी सूनबाईने घरी आणली.

त्यांच्या डेपोत घाटाच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. ज्याचा पाय चुकला त्याने आपली किल्ली आपल्या हाताने साहेबांच्या खोलीतल्या खिळ्याला लावायची. कोणी मागायला येण्याची वाट बघायची नाही. हे नियमात कुठे नव्हतं, पण जो पाळायचा नाही त्याच्या शेजारी कोणी जेवायला बसायचं नाही. काकांनी स्वतः आपल्या जिवलग दोस्ताला सांगितलं होतं, की बाबा रे, तुझी वेळ झाली, लाव किल्ली. दोस्ताने लावली होती आणि नंतर वर्षभर काकांशी बोलला नव्हता. त्या रात्री घरी आल्यावर काकांनी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खिळ्याला पांढऱ्या गाडीची किल्ली लावली आणि हात धुऊन जेवायला बसले. मुलाने बायकोकडे बघितलं, बायकोने सासूकडे, सासूबाईंनी ताटाकडे.

दुसऱ्या दिवशी काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला, दिवे मारले, थेंब घातले आणि म्हणाले, "या वयात असे डोळे नशिबाने मिळतात." काका आणखीच खचले. डोळे चांगले, म्हणजे डोकं गेलं.

मुलगा मात्र मनातून सुटल्यासारखा झाला होता. "बाबा, कशाला तो ताण? भाड्याची गाडी बोलावू, ती तुम्हाला तळ्यावर नेईल आणि आणेल." त्याने खरोखरच एक बोलावली. काका-काकू मागे शेजारी शेजारी बसले. पुढे एक अनोळखी पोरगेला ड्रायव्हर, त्याच्या गाडीत त्याची गाणी. काकू सगळी चक्कर संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या, परक्या माणसासमोर माहेरच्या गोष्टी कशा सांगणार? आणि काकांचा पाय प्रत्येक वळणाला असा दाबला जात होता, की उतरताना ड्रायव्हरने विचारलं, "आजोबा, पायात गोळा आला का?" ती पहिली आणि शेवटची भाड्याची चक्कर.

मग संध्याकाळ झाली की काकू गॅलरीतल्या खुर्चीत बसायच्या. समोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. काका आत पेपर वाचायचे, म्हणजे तोंडापुढे धरायचे. घरात आवाज नव्हता, भांडण नव्हतं, काहीच नव्हतं. सूनबाईला ते बघवेना. आपल्याच यंत्राने हे केलं, हे तिला टोचत होतं. पण सासऱ्यांना समजवायला जावं तर ते हात वर करायचे. "समजूत काढू नकोस पोरी. मी दुसऱ्यांच्या समजुती काढल्यात, मला माहीत आहे त्या कशा काढतात."

म्हणून तिने समजूत काढली नाही, कामाला लावलं. "बाबा, मला पंपावर माणूस हवाय. गाडी आत जाताना इंजिन बंद झालंय का बघायचं, बाकी काही नाही. तुमच्या त्या प्रकारानंतर मालक घाबरलेत." शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं होतं. काका मुकाट्याने निघाले. आपण जे मोडलं त्याची राखण आपण करावी हे त्यांना रास्त वाटलं.

तिने त्यांना धुण्याच्या खोलीच्या मागच्या तोंडाशी खुर्ची दिली. शटर नवं आलं होतं, गिऱ्हाइकांची रांग होती. काका प्रत्येकाच्या काचेवर टिचकी मारायचे, "इंजिन बंद, हँडब्रेक वर," आणि खुर्चीत येऊन बसायचे. पहिली गाडी एका शिक्षिकेची होती. कमान पुढून निघाली, ब्रश सरकायला लागले, आणि गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले.

काकांनी ते बघितलं, पण मनावर घेतलं नाही. मास्तरीण बाई घाबरली असेल. दुसरी गाडी एका दणकट माणसाची, मागे सिमेंटची पोती. कमान निघाली. लाल दिवे. तिसऱ्यात एक नवरा-बायको भांडत होते, भांडता भांडता लाल दिवे. काका खुर्चीत पुढे सरकून बसले. मोटार ट्रेनिंग स्कूलचा मास्तर आला, ज्याने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि ज्याच्याबद्दल काकांचं मत फारसं चांगलं नव्हतं. लाल दिवे. एवढे घट्ट की शेवटपर्यंत विझलेच नाहीत.

त्याला बाहेर पडताना काकांनी गाठलंच. "काय हो, गाडी हलल्यासारखी वाटली का आत?"

"छे," मास्तर म्हणाला. "बंद गाडी कशी हलेल?"

"मग ब्रेक का दाबला होता?"

"मी? मी नाही दाबला."

शिक्षिकेला विचारायचं राहिलं म्हणून काका हळहळले आणि पुढच्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं. एकानेही कबूल केलं नाही. कोणी म्हणालं सवयीने पाय ठेवला असेल, कोणी म्हणालं दिव्यातच बिघाड आहे, एकाने तर काकांनाच विचारलं की तुम्ही यंत्र विकता का. पाय सगळ्यांचे कबूल करत होते, तोंडं नाकबूल. दुपारपर्यंत काकांना या खेळाची अशी चटक लागली की जेवणाचा डबा त्यांनी खुर्चीतच उघडला. कमान निघाली की ते पुटपुटायचे, "आता, आता," आणि दिवे लागले की समाधानाने घास घ्यायचे.

पंप निवांत झाल्यावर सूनबाई शेजारी येऊन बसली. "बघितलंत?"

"बघितलं. हे होतं कसं?"

"मला जेवढं कळतं तेवढं सांगते. डोळ्याला काहीतरी थांबलेलं लागतं, त्यावरून तो बाकीचं मापतो. खिडकीभर ब्रशच ब्रश. दुसरं काही दिसतच नाही. एवढं सगळं कसं हलेल, म्हणून डोळा ब्रशालाच भिंत समजतो. मग हललं कोण? आपण."

काकांना आपले बसचे दिवस आठवले. डेपोत दोन बसेस शेजारी उभ्या असायच्या, शेजारची सुटली की यांच्या बसमधले प्रवासी "सुटली, सुटली" म्हणत सामान सावरायचे. काका आरशातून बघून हसायचे. त्यांच्या हाताखाली स्टिअरिंग असायचं, पायाखाली इंजिन, त्यांना कधी असं वाटलंच नव्हतं. म्हणजे या बाबतीत आपण प्रवाशांच्या वरचे आहोत अशी त्यांची वर्षानुवर्षांची समजूत होती. ती आता पडली, आणि पडताना तिचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"पण पोरी, ते सगळे ब्रेक दाबून बसले. शटर त्यांनी नाही मोडलं. मी गिअर टाकला."

"कारण ब्रेकच्या पुढचं तुम्हाला येतं, त्यांना येत नाही."

"ही समजूत झाली."

"बरं, मग खरं सांगते. चूक तुमचीच. इंजिन बंद करा म्हटलं होतं, केलं नाहीत. पण ती चूक कानाची आहे, पायाची नाही. पायाने तर जे दिसलं त्यावर बरोबर तेच केलं."

काकांनी तिच्याकडे रोखून बघितलं. सून म्हणून आलेल्या दिवसापासून ही पोरगी इतकी थेट बोलली नव्हती. त्यांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना आजाऱ्यासारखं न वागवता खडसावलं होतं. फार बरं वाटलं. तरी ड्रायव्हर सहजासहजी सुटका करून घेत नाही.

"तुला कळलंय ना हे सगळं. मग तू आत बसलीस तर तुला नाही वाटत. कळतं त्याला वाटत नाही. मला कळलं नाही, तिथेच तर घोडं पेंड खातं."

"कोण म्हणतं मला वाटत नाही? रोज वाटतं."

"अजून?"

"अजून. कळण्याचा आणि वाटण्याचा काही संबंध नाही बाबा. मी शंभरदा बसले तरी पाय आपला दाबला जातो. खोटं वाटत असेल तर चला, बसून बघू."

काकांनी नको म्हणून मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सूनबाईने कोणाला न विचारता खिळ्यावरची किल्ली काढली, काकूंना हाताला धरून खाली आणलं आणि पांढरी गाडी घेऊन पंपावर हजर झाली. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "हिला कशाला आणलंस?"

"मीच म्हटलं," काकू पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "मागच्या वेळी यंत्र नीट बघायचं राहिलं."

सूनबाई मागे जाऊन बसली. स्टिअरिंगची जागा रिकामी राहिली. रांगेत मागून कोणीतरी हॉर्न दिला, तेव्हा काका नाइलाजाने आत शिरले, गाडी हळूच खोलीत नेली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली. काकूंनी आपल्या बाजूची काच बोटभर खाली घेतली. "भिजलीस तर सांगू नकोस," काका म्हणाले.

कमान निघाली. फेस पडला, ब्रश सरकले, आणि गाडी पुढे चालू लागली. काकांना ठाऊक होतं की किल्ली मागच्या सीटवर आहे. चाकं जागेवर आहेत, इंजिन गार पडतंय. आणि गाडी चालली होती.

"चाललीय," काका म्हणाले.

"माझीही," सूनबाई मागून म्हणाली.

"तुझा पाय?"

"दाबलाय. तुमच्या सीटखाली चटई आहे तिच्यावर."

काका हसले. मग सूनबाई म्हणाली, "आता उजवीकडे बघा. ब्रशांच्या मधून भिंतीवरचा तो तांबडा पाइप दिसेल, त्याच्यावर नजर धरा." काकांनी शोधला. फेसाच्या फटीतून पाइपाचा वीतभर तुकडा दिसत होता. त्यांनी तो डोळ्यांनी धरला, आणि एका क्षणात गाडी थांबली. थांबली म्हणजे कधी चाललीच नव्हती अशी थांबली, आणि चालायला लागले ते ब्रश. मग फेसाचा नवा लपका आला, पाइप झाकला गेला, आणि गाडी पुन्हा निघाली. काकांनी हा खेळ परत परत केला. पाइप दिसला की गाडी उभी, पाइप गेला की गाडी सुरू. त्यांचं स्वतःचं त्यात काही चालत नव्हतं. डोळ्याला एवढीशी खुंटी मिळाली की सगळं जग तिला बांधून उभं राहत होतं, आणि नाही मिळाली तर कितीही शहाणा माणूस असो, तो घसरत होता. काकांना हे इतकं आवडलं की कमान परत फिरून गाडी मागे जायला लागली, तेव्हा घाबरायचं ते विसरूनच गेले.

हिरवा दिवा लागला. शटर वर गेलं, बाहेरचं ऊन आत आलं. सूनबाईने किल्ली पुढे केली आणि स्वतः दार उघडून उतरली, तिला काम होतं. काकांनी किल्ली घेतली, पण लावली नाही. त्यांच्या मनात एक प्रश्न राहिला होता. इतक्या दिवसांत त्यांनी डॉक्टरला विचारलं, मास्तरला विचारलं, पंपावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारलं. जी शेजारी बसली होती तिला विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

"त्या दिवशी," ते समोर बघत म्हणाले, "तुलाही गाडी चालल्यासारखी वाटली असेल."

"वाटली की."

"मग तू ओरडली का नाहीस?"

"ओरडू कशाला?" काकूंना प्रश्नच कळला नाही. "मला वाटलं, धुऊन झाली आणि आपण निघालो तळ्याकडे. जरा टेकून बसले."

मग काकांनी विचारलं, "आणि मागे जायला लागली तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, तुम्ही पाकीट विसरलात घरी, म्हणून परत निघालो."

काकांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. काकू पदराने काचेवरून आत आलेले थेंब पुसत होत्या, चेहऱ्यावर कसलाही मोठेपणा नव्हता. ब्रेक लागत नाही म्हणून ते जिवाच्या आकांताने लढत होते, तेव्हा ही बाई हातभर अंतरावर निवांत टेकून बसली होती, कारण गाडी ते चालवत होते. आपल्या पायावरचा भरवसा उडाला म्हणून त्यांनी किल्ली टांगली होती, आणि तो भरवसा इतका वेळ शेजारच्या सीटवर जसाच्या तसा बसून होता.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. काकांनी किल्ली लावली आणि गाडी उन्हात काढली. रस्त्याच्या तोंडाशी ते थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि तळ्याच्या दिशेला वळले. काकूंची धाकट्या भावजयीची गोष्ट अर्धी राहिली होती. त्या पहिल्यापासून सुरू झाल्या.